वणव्यावर विमानातून टाकतात ते लाल पाणी आग विझवण्यासाठी नसतंच

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आजूबाजूचे डोंगर पेटले होते, तेव्हाचे व्हिडिओ बहुतेकांनी बघितले असतील. अवाढव्य विमान डोंगराच्या अगदी अंगावरून जातंय, त्याच्या पोटातून लाल-गुलाबी पडदा सुटतोय आणि खाली घरं, गाड्या, झाडं, अंगणं सगळं गुलाबी होऊन गेलंय. हे बघून दोन प्रश्न हमखास पडतात. एक म्हणजे आग तिकडे लागलीये आणि हे इकडे का ओततायत, पायलटचा नेम चुकला का? आणि दुसरा म्हणजे हे नक्की आहे काय, विष तर नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पहिल्याचं उत्तर आधी समजून घेतलं तर दुसरा सोपा जातो.

तर नेम चुकलेला नसतो. या मिश्रणाला फायर रिटार्डंट म्हणतात आणि ते बहुतेक वेळा ज्वाळांवर टाकायचं नसतंच. आग ज्या दिशेने येतेय त्या वाटेवर, अजून न पेटलेल्या गवतावर आणि झाडोऱ्यावर त्याचा पट्टा मारायचा असतो. आग तिथपर्यंत पोचली की तिचा जोर कमी होतो, ती रेंगाळते, आणि त्या मिळालेल्या वेळात जमिनीवरची माणसं येऊन झाडोरा तोडून, माती उघडी करून, पाइपने पाणी मारून तिला खरोखर अडवतात. विमान वेळ विकत घेऊन देतं, बस. कौतुक करणारे आणि शिव्या घालणारे दोघंही बऱ्याचदा हेच विसरतात आणि मग ‘एवढं ओतलं तरी आग विझली नाही’ असं म्हणत बसतात.

आता हे पाणी न पेटलेल्या गवताला असं काय करतं की ते पेटायचं नाव घेत नाही? त्यासाठी लाकूड जळतं म्हणजे काय होतं ते बघावं लागेल. जळत्या ओंडक्याकडे नीट बघितलं तर दिसेल, ज्योत लाकडाला चिकटलेली नसते, ती किंचित वर हवेत असते. कारण लाकूड थेट ज्योतीने जळतच नाही. लाकडात, गवतात, पानात सेल्युलोज असतं, ते साधारण ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलं की तुटायला लागतं आणि त्यातून पेट घेणारे वायू आणि वाफा बाहेर पडतात, त्या वाफा हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पेटतात, त्या आचेने शेजारची काडी तापते, तिच्यातून पुन्हा वायू निघतात आणि हे असं पुढे पुढे चालू राहतं. पाणी टाकलं की काडी आधी ते पाणी उडेपर्यंत तापतच नाही, म्हणून पाणी उपयोगी पडतं. पण कोरड्या वाऱ्यात, तापलेल्या उतारावर, समोरून वणव्याची धग येत असताना पाण्याचा पातळ थर किती वेळ टिकणार? उडून गेलं की गवत पुन्हा जळायला मोकळं.

रिटार्डंटमधलं मुख्य औषध आहे अमोनियम फॉस्फेट. हो, तेच, खतातलं. डीएपी आणि एमएपी ही नावं शेतीशी थोडाफार संबंध असलेल्या कुणालाही नवीन नाहीत. हे क्षार पानाकाड्यांवर बसलेले असतात आणि धग लागली की त्यांच्यातला अमोनिया निघून जातो आणि मागे फॉस्फोरिक आम्ल उरतं. हे आम्ल सेल्युलोजच्या तुटण्याची वाटच बदलून टाकतं. त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतो आणि कार्बन पेटत्या वायूत जायच्या ऐवजी जागेवरच कोळसा होऊन बसतो. काडी करपते, काळी पडते, पण ज्योत धरायला लागतो तेवढा वायूच देत नाही, वर तो कोळशाचा थर आतल्या भागाला धगीपासून थोडं वाचवतो ते वेगळंच. गंमत म्हणजे हे सगळं व्हायला ओलावा लागत नाही. पाणी इथे फक्त हमाल आहे, क्षार विमानातून पानापर्यंत आणून सोडायचे आणि उडून जायचं. म्हणूनच याला लाँग-टर्म रिटार्डंट म्हणतात, पट्टा वाळून कडक झाला तरी जोरदार पाऊस येऊन धुऊन नेईपर्यंत तो काम करत राहतो.

पूर्वी अमोनियम सल्फेटही वापरायचे. त्यानेही ज्योत दबते, पण ज्योत गेल्यावर जे निखारे धुमसत राहतात ना, त्यांच्यावर सल्फेटचा फारसा प्रभाव पडत नाही, फॉस्फेट मात्र तेही दाबतं. वणव्यात धुमसणारा निखारा म्हणजे उद्याची नवीन आग, त्यामुळे हा फरक कागदावर वाटतो तेवढा छोटा नाही.

हे समजलं की पाणी, फोम, जेल आणि रिटार्डंट यांच्यातला गोंधळही मिटतो. फोम म्हणजे पाण्यात एक टक्का किंवा त्याहूनही कमी साबणासारखं द्रव्य, त्याने पाणी पसरतं, काडीत मुरतं, जरा जास्त टिकतं. जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे पॉलिमर, बाळांच्या डायपरमध्ये असतात त्याच जातीचे. दोन्हींचा जीव पाण्यात, पाणी संपलं की खेळ संपला. समुद्रातून किंवा तलावातून पोट घासत पाणी उचलणारी ती पिवळी-लाल कॅनडेअर विमानं असतात ती याच गटातली, १२ सेकंदांत ६,००० लिटरच्या आसपास पाणी भरतात आणि थेट आगीवर टाकतात, पाणी जवळ असेल तर फेऱ्यांवर फेऱ्या मारतात. त्यांचं काम वेगळं, रिटार्डंटवाल्यांचं वेगळं, एकाची जागा दुसरा घेत नाही.

आता मिश्रणात काय काय असतं ते. टाकायला तयार असलेल्या रिटार्डंटमध्ये ढोबळमानाने ८५ टक्के पाणी, १० टक्के खताचे क्षार आणि उरलेल्या ५ टक्क्यांत बाकी सगळी मंडळी, म्हणजे रंग, घट्टपणा आणणारं द्रव्य, गंज रोखणारं द्रव्य, आणि साठवणीत सडू नये म्हणून थोडंफार काहीतरी. पण खरं डोकं या ५ टक्क्यांत गेलंय. रंग कशाला? तर पायलटला आधीचा पट्टा कुठे संपला ते दिसावं म्हणून, नाहीतर हिरव्या-पिवळ्या डोंगरावर नुसतं खताचं पाणी टाकून पुढच्या विमानाला कळणार कसं की जोडायचं कुठून, मध्ये फट राहिली तर आग बरोबर तीच शोधते. बऱ्याच मिश्रणांत हा रंग आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे गंजाचाच असतो, काहींत उन्हात हळूहळू उडून जाणारा रंग घालतात, म्हणजे जंगल वर्षभर गुलाबी दिसत राहत नाही.

घट्टपणा कशाला हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. शे-दीडशे फुटांवरून, ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणाऱ्या विमानातून नुसतं पाणी सोडलं तर वाऱ्याच्या माऱ्याने त्याचे बारीक बारीक थेंब होतात, अर्धे हवेतच उडतात, बाकीचे वाऱ्याबरोबर भलतीकडे जातात. म्हणून त्यात ग्वार गम घालतात, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. त्याने थेंब मोठे राहतात, सरळ पडतात आणि पानांना चिकटून राहतात. काही मिश्रणं जास्त घट्ट, काही पातळ. घट्ट असेल तर झाडांच्या शेंड्यांवर जाड थर बसतो, पातळ असेल तर फांद्यांतून झिरपून खालच्या गवतापर्यंत जातं, आणि जमिनीवरची आग बऱ्याचदा त्या गवतातूनच पळते, त्यामुळे घट्ट म्हणजे चांगलं असं सरळ गणित नाही.

टँकर बेसवर, म्हणजे माल टाकणारी ही विमानं (त्यांना टँकर म्हणतात) जिथे भरून निघतात त्या तळावर, हे सगळं कसं चालतं तेही बघण्यासारखं आहे. माल पावडर म्हणून येतो किंवा पाकासारखा दाट द्रव म्हणून, आणि बेसवर पाण्यात मिसळतात. फॉस-चेक एलसी-९५ए नावाचा एक द्रव प्रकार आहे, त्याच्या १ भागाला साडेपाच भाग पाणी. मग एक माणूस त्या मिश्रणाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो, झाकण लावतो, डोळा लावून उजेडाकडे धरतो आणि रेघ कुठल्या आकड्यावर आली ते वाचतो, त्यावरून क्षारांचं प्रमाण कळतं. घट्टपणा मोजायला तर अजूनच साधं साधन आहे, एक ठरलेल्या मापाचं नरसाळं, मार्श फनेल म्हणतात त्याला, त्यातून मिश्रण वाहून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं. करोडोंचं विमान धावपट्टीवर उभं आणि निर्णय नरसाळ्यावर. पण हे वाचन चुकलं, क्षार कमी पडले, तर डोंगरावर महागडं रंगीत पाणी पडणार आणि त्या भरवशावर खाली माणसं उभी असणार, त्यामुळे ते करतात ते बरोबरच करतात. नंतर जाड होजने माल विमानात चढवतात, सगळं जमून आलं तर काही मिनिटांत विमान परत हवेत.

विमानं म्हणाल तर बरीचशी रिटायर झालेली प्रवासी जेट. एमडी-८७, बीएई-१४६, आरजे-८५, ही एका वेळी ३,००० गॅलन म्हणजे ११,३५० लिटरच्या घरात नेतात. डीसी-१० सगळ्यात मोठं, ९,४०० गॅलन, ३५,००० लिटरच्या वर. एक बोइंग ७४७ सुद्धा होतं सुपरटँकर नावाचं, ते २०२१ मध्ये बंद केलं. दुसऱ्या टोकाला एकाच इंजिनची, एकच पायलट असलेली एटी-८०२ सारखी छोटी विमानं, ८०० गॅलनवाली. नवीन धूर दिसला की लगेच पोचायला आणि दऱ्याखोऱ्यांत वळायला छोटी बरी पडतात. आकार बघून भारावून जाण्यात अर्थ नाही, आग लहान असताना वेळेवर पडलेलं थोडंसं रिटार्डंट हे आग हाताबाहेर गेल्यावर पडलेल्या डीसी-१०भर मालापेक्षा कधीही जास्त कामाचं, हे माझंच मत नाही, या क्षेत्रातली कुणीही माणसं हेच सांगतील.

किती दाट टाकायचं याला ‘कव्हरेज लेव्हल’ म्हणतात. लेव्हल १ म्हणजे १०० चौरस फुटांवर १ गॅलन, आपल्या मापात चौरस मीटरला साधारण ०.४ लिटर. आखूड गवताला लेव्हल १-२ पुरते, दाट झुडपं आणि जड लाकूड असेल तिथे ६, ८ पर्यंत जावं लागतं. आता हिशोब करून बघा. ३,००० गॅलनचं विमान, लेव्हल ४, म्हणजे चौरस मीटरला १.६ लिटरच्या आसपास, तर सगळा माल मिळून ७,००० चौरस मीटर भिजतील. पट्टा २० मीटर रुंद धरला तर लांबी ३५० मीटर. लेव्हल ८ केली तर ती झाली १७५. एवढं मोठं जेट आलं, गडगडाट झाला आणि पदरात पडले १७५ मीटर, त्यातही कडेला थर पातळच असतो. कित्येक किलोमीटरच्या आगीला पट्ट्याने घेरायचं म्हटलं तर किती फेऱ्या लागतील ते यावरून लक्षात येईल, आणि मग पट्टा नेमका कुठे मारायचा हा निर्णय विमानाइतकाच महत्त्वाचा का असतो तेही. शक्यतो सुरुवात अशा ठिकाणी करतात जिथे आग मागून वळसा घालू शकणार नाही, म्हणजे रस्ता, नदी, खडक किंवा आधीच जळून गेलेली जमीन, आणि तिथून पुढे एकाला एक जोडत जातात.

अमेरिकेत मोठा टँकर एकटाच येऊन ओतून जात नाही. बऱ्याचदा पुढे एक छोटं लीड प्लेन असतं, ते आधी त्याच वाटेवरून खालून उडून जातं, तारा, उंच झाडं, खाली-वर होणारी हवा बघतं आणि सोडायची जागा आली की पांढरा धूर सोडून दाखवतं, इथून सुरू कर. त्याच्याही वर एक विमान घिरट्या घालत असतं, त्यातला माणूस सगळी वाहतूक सांभाळतो आणि जमिनीवरच्या टीमशी बोलतो. टँकर जमिनीपासून, खरं म्हणजे झाडांच्या शेंड्यांपासून, साधारण १५० फुटांवरून माल सोडतो, डीसी-१० सारखं फार मोठं असेल तर २५० फूट. ही उंची गंमत म्हणून ठरलेली नाही. मिश्रण विमानातून सुटतं तेव्हा त्याला विमानाचाच वेग असतो, हवेत थोडं अंतर पडायला मिळालं तर तो पुढचा वेग मरतो आणि खाली पावसासारखं सरळ पडतं. कमी उंचीवरून सोडलं तर ते तिरकं, टनावारी वजनाचा लोंढा होऊन आदळतं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो कॉम्प्लेक्स आगीत हेच झालं, ७४७ सुपरटँकरने झाडांच्या शेंड्यांपासून शंभरएक फुटांवरून माल सोडला, समोर चढ होता आणि तो झाडीमुळे लक्षात आला नव्हता, त्या माऱ्याने ८७ फुटी झाड मुळापासून उखडलं आणि त्याखाली एक फायरफायटर गेला. म्हणूनच तिथल्या जवानांना शिकवलेलं असतं की ड्रॉप, म्हणजे विमानातून सोडलेला माल, अंगावर येतोय आणि पळायला वेळ नाही असं झालं तर विमान येतंय त्या दिशेला डोकं करून पालथं पडायचं, हेल्मेट घट्ट, पाय फाकवून टेकवायचे म्हणजे लोंढा वाहून नेणार नाही, आणि हातातलं फावडं-कुऱ्हाड अंगापासून लांब धरायचं.

मग हे चालत कधी नाही? वारा. जोराचा वारा असला की पडदा विस्कटतो, पट्टा लागत नाही, आणि त्याच वाऱ्याने ठिणग्या एवढ्या लांब उडतात की पट्टा असून नसल्यासारखा. लॉस एंजेलिसला ७ जानेवारी २०२५ च्या रात्री नेमकं हेच झालं, सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा वाऱ्यामुळे विमानं जमिनीवर बसवावी लागली. शिवाय दोन दिवसांनी एका कॅनडेअरच्या पंखाला कुणाच्या तरी ड्रोनने भोक पाडलं आणि ते विमानही काही दिवस कामातून गेलं, यावर काय बोलायचं! दुसरं म्हणजे धूर, दिसतच नसेल तर पायलट काय करणार. आणि तिसरं, ज्यावर कमी बोललं जातं ते म्हणजे खाली माणसंच नसणं. पट्टा मारला पण तिथे कुणी पोचलंच नाही तर आग रेंगाळेल, हळूहळू शोधेल आणि एखाद्या पातळ जागेतून पलीकडे जाईल. तरीही काही वेळा ड्रॉप होतातच, कारण टीव्हीवर छान दिसतं आणि नेत्यांवर ‘काहीतरी करा’चा दबाव असतो. अमेरिकेतल्या फायरफायटर लोकांनी अशा ड्रॉपला ‘सीएनएन ड्रॉप’ असं नावच ठेवलंय.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक धडाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांतून पाण्याचे बाँब टाकून बघण्याचे प्रयोग झाले, ते काही धड जमले नाहीत. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो जंगलात रॅटलस्नेक आगीत १५ जण गेले आणि काहीतरी नवीन हवं ही निकड वाढली. १९५५ मध्ये त्याच भागातल्या विलोज गावच्या पिकांवर फवारणी करणाऱ्या पायलट मंडळींनी एका जुन्या स्टिअरमन दुपंखी विमानात १७० गॅलनची टाकी आणि खाली उघडणारं झाकण बसवलं, आणि व्हॅन्स नोल्टा नावाच्या पायलटने ऑगस्टमध्ये खऱ्या आगीवर पाणी सोडून दाखवलं. पुढच्याच वर्षी पाण्याच्या जागी सोडियम कॅल्शियम बोरेट आलं. आग रोखायला ते उत्तम होतं, फक्त जिथे पडलं तिथे नंतर काही उगवेना, जमीनच नापीक व्हायला लागली. म्हणून ते सोडून दिलं, मग बेंटोनाइट माती वापरून बघितली, आणि १९६० च्या दशकात फॉस्फेट स्थिरावलं. विमानांना ‘बोरेट बाँबर’ म्हणायची सवय मात्र लोकांना बरीच वर्षं राहिली. फॉस-चेक हा ब्रँड तेव्हा मोन्सँटोचा होता, आज तो पेरिमीटर सोल्युशन्स कंपनीकडे आहे आणि अमेरिकेतला जवळपास सगळा बाजार त्यांच्याच हातात आहे.

आता तो दुसरा प्रश्न, विष आहे का. माणसाच्या अंगावर पडलं तर धुऊन टाकायचं, डोळे-कातडी चुरचुरू शकते, पण त्याने कुणी कोसळत नाही. माशांचं तसं नाही. अमोनिया पाण्यात गेला की माशांना तो फार कमी प्रमाणातही मारक ठरतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात फॉल रिव्हर नावाच्या नदीत चुकून रिटार्डंट पडलं आणि हजारोंनी ट्राउट मासे मेले. म्हणून तिथल्या फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे सरकारी वनखात्याचा, नियम आहे की पाण्याच्या दोन्ही बाजूंना ३०० फूट सोडून मारायचं, दुर्मिळ जीव आणि वनस्पती आहेत त्या जागा नकाशावर वेगळ्या आखून ठेवलेल्या असतात, आणि सूट फक्त माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा. पण धुरात, वाऱ्यात, डोंगरात ३०० फूट कोण मोजणार? दहाएक वर्षांत २०० हून जास्त वेळा माल पाण्यात गेला असं सरकारनेच कोर्टात सांगितलं. एकूण ड्रॉपच्या मानाने ते टक्क्याहूनही कमी, पण ओढ्यातल्या माशाला टक्केवारीचं काय. पर्यावरणवाल्यांनी केलेल्या या केसमध्ये मोंटानाच्या फेडरल जजने मे २०२३ मध्ये निकाल दिला की परमिट न घेता पाण्यात हे टाकणं क्लीन वॉटर अॅक्टच्या विरोधात आहे, मात्र परमिटची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वापर थांबवायला त्यांनी सांगितलं नाही, कारण उद्या वणवा पेटला तर गावंच्या गावं धोक्यात येतील. मला हा निकाल पटतो. दोन्ही बाजूंचं काही ना काही खरं होतं.

खत असल्याचा दुसराही एक परिणाम आहे जो लगेच दिसत नाही. ज्या जमिनीत मुळातच फॉस्फरस कमी आणि तिथली झाडं त्या कमतरतेत जगायला शिकलेली, तिथे एकदम एवढं खत ओतलं की बाहेरून आलेलं तण फोफावतं. अमेरिकेच्या पश्चिमेत चीटग्रास नावाचं असंच एक बाहेरचं गवत आहे, ते लवकर वाळतं आणि काडीपेटीसारखं पेटतं, म्हणजे आग रोखायला टाकलेलं खत पुढच्या आगीचं सरपण वाढवू शकतं. आणि तळ्यात-धरणात गेलं तर शेवाळ.

जड धातूंचा मुद्दा त्यामानाने नवीन आहे. २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी बाजारात मिळणारी काही उत्पादनं तपासली, त्यांत कॅडमियम, क्रोमियम, व्हेनेडियम असे धातू सापडले, आणि २००९ ते २०२१ मध्ये अमेरिकेत रिटार्डंटमधून ३८० टनांच्या आसपास जड धातू जंगलात गेले असतील असा त्यांचा अंदाज. हे कुठून येतात? फॉस्फेटचा खडक खणून काढतात त्यात असे धातू मुळातच असतात, शेतीच्या खतातही थोडे असतात, शिवाय गंजरोधक द्रव्यांतूनही येऊ शकतात. याच्या आधी अजून एक भानगड होऊन गेलीये, गंज रोखायला काही मिश्रणांत सोडियम फेरोसायनाइड घालायचे, त्यातून उन्हात सायनाइड सुटू शकतं आणि पाण्यातल्या जिवांना घातक ठरतं हे कळल्यावर २००० च्या दशकात ते बाद केलं. म्हणजे बघा, ८५ टक्के पाणी आणि १० टक्के खत हे जे सांगितलं जातं ते खोटं नाही, पण भांडण बऱ्याचदा त्या उरलेल्या ५ टक्क्यांतून निघतं आणि त्यात नक्की काय हे कंपन्या व्यापारी गुपित म्हणून पूर्ण सांगत नाहीत. हे मला खटकतं.

मग दुसरं काहीतरी वापरा की? प्रयत्न झालाय. मॅग्नेशियम क्लोराइडवर आधारलेलं फोर्ट्रेस नावाचं रिटार्डंट डिसेंबर २०२२ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या मंजूर यादीत आलं. फॉस्फेटही नाही आणि अमोनियाही नाही, कागदावर छान. मोंटानातल्या मिझूला इथे फॉरेस्ट सर्व्हिसची लॅब आहे, तिथे अॅल्युमिनियम, स्टील, पितळ अशा धातूंचे तुकडे मिश्रणात बुडवून गंज तपासतात, माशांवर परीक्षा घेतात, ती सगळी पार पडली होती. २०२३ च्या सीझनमध्ये प्रत्यक्ष विमानांत वापरलं आणि सीझन संपल्यावर तपासणीत विमानांच्या सांगाड्याला गंज दिसला, २०२४ मध्ये ते बाजूला काढलं. गंज हा या धंद्यात किरकोळ विषय नाहीच, २००२ मध्ये दोन जुने टँकर हवेत पंख तुटून पडले, तेव्हा कारण गंज नसून वर्षानुवर्षांच्या ताणाने धातूला पडलेले तडे होते, पण सांगाडा कमजोर झाला की काय होतं ते दिसलं, आणि त्यानंतर २००४ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसने ३३ जुन्या मोठ्या टँकरचे करार एकदम रद्द केले. त्यामुळे मिठासारखं काहीही विमानाच्या पोटात भरायचं म्हटलं की पायलट आणि मेकॅनिक आधी हेच विचारतात, आणि तूर्तास गाडी परत फॉस्फेटवरच आलीये.

राहता राहिलं ते घरावर-गाडीवर पडलं तर. जितकं लवकर धुवाल तितकं बरं, वाळल्यावर ते चिवट बसतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश, बहुतेक निघून जातं, फक्त आयर्न ऑक्साइडवालं असेल तर कच्च्या लाकडात, सिमेंटमध्ये, सच्छिद्र दगडात डाग राहू शकतो. कुत्र्या-मांजरांचे पाय धुवा, बाहेर ठेवलेलं त्यांचं पाणी ओतून द्या, धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा माशांच्या तळ्यात जाऊ देऊ नका. आणि डाग जात नाही म्हणून ब्लीच अजिबात ओतू नका, अमोनियाच्या क्षारांशी ब्लीच मिसळलं की क्लोरामाइनसारखे वायू तयार होतात आणि ते छातीला फार वाईट.